नसलेल्या पिशवीचा रिपोर्ट

खोडायची ओळ

इरा, टोरोंटोच्या दवाखान्यात भरलेल्या फॉर्मवर तू "आजीला गर्भाशयाचा कॅन्सर" असं लिहिलंस आणि त्यावरून तिथल्या डॉक्टरांनी तुला आणखी तपासण्या सांगितल्या, हे तुझ्या आईकडून कळलं. ती ओळ खोड. मला गर्भाशयाचा कॅन्सर झालेला नाही आणि होणं शक्यही नाही. शिवाय माझ्या अंगातलं काहीही रक्तातून तुझ्याकडे किंवा अनयकडे येणार नाही.

ही दोन वाक्यं मी फोनवर सांगू शकले असते. पण तू लगेच "का?" विचारलं असतंस, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी पन्नास वर्षं चुकवत आले आहे. म्हणून लिहिते. अनय, तूही वाच. तुझं मराठी इरापेक्षा कच्चं आहे. अडलास तर तिला विचार, आईला विचारू नकोस. ती गुळगुळीत करून सांगेल.

मी संशयी बाई आहे

हे आधीच कबूल करते. घरात कागदांच्या सात फायली आहेत, प्रत्येकीवर चिठ्ठी आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. कोणी माझ्याकडे दोनदा बघितलं की दुसऱ्यांदा का बघितलं, याचा मी संध्याकाळभर विचार करते. आमच्याकडे नऊ वर्षं कामाला येणारी रुक्मिणी, संगमेश्वराजवळच्या खेड्यातली, मला म्हणते, "टीचर, तुमी पोलिसांत हव्या होतात."

दिवाळीनंतर लघवीला त्रास सुरू झाला. जायचं तर होत नाही, थांबायचं तर थांबवत नाही. नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी तीनदा गोळ्या बदलून दिल्या. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "आतून तपासू या का?"

"नको. या वयात ते नको."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पिढीतल्या सगळ्याच असं म्हणतात." ते हसू मला आवडलं नाही. घरी येईपर्यंत मी रिक्षात त्याच हसण्याचा अर्थ लावत होते.

मग त्यांनी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली.

माहेर कुठलं?

सोनोग्राफीच्या ठिकाणी तासभर पाणी पीत बसावं लागतं. माझ्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत पाटी होती : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मी ती वीसेक वेळा वाचली असेल. चांगलं आहे, मनात म्हटलं, करूच नका.

काउंटरवरच्या बाईंनी नाव, वय, पत्ता लिहून घेतला आणि काम संपल्यावर, आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, "आजी, माहेर कुठलं?"

"मुरुड. दापोलीकडचं."

"अगो बाय! माझी मावशी मुरुडची. कुठल्या आळीत?"

हा प्रश्न मला चाळीस वर्षं विचारला जातो आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं : वडील बोटीवर होते, आम्ही लहानपणीच बाहेर पडलो, आता तिथे कोणी नाही. पहिला आणि शेवटचा भाग खरा आहे. मुरुड मात्र खोटं. मी राजापूरची. राजापूर इथून, रत्नागिरीहून, जेमतेम दोन तासांवर, म्हणूनच मी ते नाव कधी घेत नाही.

आत अंधाऱ्या खोलीत वयस्कर डॉक्टर होते, शांत आवाजाचे. पोटावर गार जेल लावून त्यांनी यंत्र फिरवलं. एका जागी ते बराच वेळ थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते पडद्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तो मी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मूत्राशयाखाली गाठ, गर्भाशयाच्या तोंडाशी संबंधित असण्याची शक्यता. त्याच्या वर, व्यवस्थित रकान्यांत : गर्भाशय वयोमानानुसार लहान, लांबी अमुक, रुंदी अमुक. दोन्ही अंडाशय सर्वसाधारण.

मुलांनो, मला गर्भाशय नाही. कधीच नव्हतं. मी मुलगा म्हणून जन्मले.

एकाच ओळीचे दोन संशय

डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचून गंभीर झाल्या. म्हणाल्या, सोमवारी दाखल व्हा, आधी तुकडा काढून तपासू, मग पिशवीच काढून टाकू. "घाबरू नका. रोजचं ऑपरेशन आहे."

रुक्मिणीचंही तेच मत पडलं. "पिशवीच ना? काडून टाका. माज्या आयशीची काडली, म्हयन्याभरात लावणीला उभी ऱ्हायली. नायतरी आता तिचा उपेग काय?"

"खरं आहे," मी म्हणाले. "काहीच उपयोग नाही."

हसू आलं, ते दाबलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथेच बसले. गाठ खरी होती. ती कुठे आहे हे मात्र डॉक्टरांना माहीत नव्हतं, आणि ते सांगू शकणारी या गावात मी एकटी होते.

त्यातून दुसराही संशय छळत होता. त्या शांत डॉक्टरांनी ती ओळ का लिहिली? त्यांना दिसलं नाही, की दिसलं आणि दया येऊन झाकलं? की काउंटरवरच्या बाईंना सांगून दोघं हसली? मुरुडच्या मावशीपर्यंत बातमी गेलीसुद्धा असेल.

मेधाला, तुमच्या आईला, फोन केला. तिला सगळं लहानपणापासून माहीत आहे. ऐकून ती म्हणाली, "आई, डॉक्टरला सांग. आजच्या आज."

"सांगितलं की गावभर होईल."

"होऊ दे गावभर! नसलेल्या पिशवीसाठी पोट फाडून घेणार आहेस का?"

"आणि मुलांना?"

इथे तिचा आवाज बदलला. "मुलांना रिपोर्टमध्ये आहे तेच सांगते. पिशवीचं. तेवढं पुरे."

तुम्ही ते ऐकलंत ते असं. तिला माझी लाज वाटते, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. तुमच्या बाबांना तिने लग्नाआधी सगळं सांगितलं होतं, पण सासरी इतर कोणालाच नाही. तिथल्या वीस-बावीस वर्षांच्या संसाराखाली माझी ही एक गोष्ट पाचरीसारखी आहे. ती काढली तर काय हलेल, याची तिला भीती वाटते. हे मला आता कळतं. तेव्हा मी फोन आपटला.

मिस लीना

माझं जन्मनाव लिहीत नाही. ते आता कोणाच्याच उपयोगाचं नाही. वडील जहाजावर पर्सर, म्हणजे हिशेबनीस, होते. त्यांच्या पगारावर मी पाचगणीला इंग्रजी शाळेत शिकले, वसतिगृहात राहून. तिथे नाटकातली बाईची भूमिका दर वर्षी मला मिळे. सगळे टाळ्या वाजवत, आणि नाटक संपल्यावर साडी परत करताना मला रडू येई. तुमच्या पिढीकडे यासाठी चांगले शब्द आहेत. माझ्या वेळी फक्त शिव्या होत्या.

विसाव्या वर्षी मुंबईत एका जहाज कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. वर्षभराने एका मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये गायला उभी राहिले. तेव्हा तिथे बँड असे, टेबलं असत, आणि मधल्या जागेत कॅबरे. बऱ्याच मुली नाचत, गाणं दुसरी कोणी म्हणे. मी दोन्ही करत असे आणि माझं इंग्रजी साफ होतं. मालकाला माझ्याबद्दल सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "इंग्लिश अच्छा है, बाकी लाइटवाला देख लेगा." रोज माइकवर सांगत, "थेट लंडनहून आलेली मिस लीना!" राजापूरहून आलेली मिस लीना पडद्याआड गळ्यात मखमली पट्टी बांधत असे.

तिचे कपडे शिवणारी होती कुसुम. संगमेश्वरकडची, नवऱ्याने टाकलेली, जिभेने तिखट. पहिल्या दिवशी माझं माप घेताना तिने वर बघितलं, परत टेप लावली आणि म्हणाली, "खांदे झाकू. हातांचं काय करायचं?"

हात मोठे होते. त्यावर आम्ही दोघींनी मिळून जो उपाय काढला त्यावर मी बारा वर्षं जगले. बाकीच्या मुली नाचताना हातमोजे हळूहळू काढत. मी कोपरापर्यंतचे काळे हातमोजे घालून नाचे आणि एक बोट ओढे, दुसरं ओढे, काढते काढते असं करून परत घट्ट बसवे. गाणं संपे, हातमोजे तिथेच. लोक टेबलं बडवत. पुढच्या शनिवारी तेच लोक परत येत, आज तरी काढेल म्हणून. ज्यामुळे मी पकडली गेले असते, त्याच्यासाठीच लोक तिकीट काढू लागले.

मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत नसे. टाळ्या न वाजवता बघणाऱ्यांकडे बघे. एकदा तीन माणसं सलग तीन शनिवार आली, काही न पिता बसली. मालक म्हणाला, पोलीस. कुसुम म्हणाली, "पोलीस फुकट पितात. हे तुझ्या गावचे." तिसऱ्या शनिवारी मी त्यांच्यातल्या एकाला ओळखलं. माझा चुलतभाऊ. त्याच्या टेबलासमोर उभी राहून मी सगळं गाणं म्हटलं, एकही ओळ चुकले नाही. आठवड्याने हॉटेलच्या पत्त्यावर वडिलांचं कार्ड आलं. एकच वाक्य होतं : इकडे येऊ नये.

माझा संशय कुठून आला, हे आता तुम्हाला समजेल.

मधल्या काळात मुंबईतल्याच एका सर्जनने माझी शस्त्रक्रिया केली. जखम भरल्यावर त्यांनी सगळे कागद माझ्यासमोर फाडले. "तुझ्याच भल्यासाठी," म्हणाले. मी त्यांचे आभार मानले.

कुसुमला एक मुलगी होती. ती मेकअपच्या टेबलाखाली झोपायची आणि टिकल्यांच्या डबीशी खेळायची. ती चार वर्षांची असताना कुसुम काविळीने गेली. तुमची आई ती. इरा, फॉर्मवर आजीच्या रकान्यात लिहायचंच असेल तर कावीळ लिही. खरी आजी ती आहे. मी तिच्या पोरीला वाढवलेली बाई.

त्याच सुमाराला रेस्टॉरंटांतले बँड जाऊन डिस्को आले. मला शाळेत जाणारी मुलगी होती आणि तिला विचारले जाणारे प्रश्न होते. रत्नागिरीत येऊन मी बोटीवरच्या माणसाची विधवा झाले, इंग्रजीच्या शिकवण्या घेऊ लागले. गावातल्या निम्म्या वकील-डॉक्टरांची स्पेलिंगं मी सुधारली आहेत.

गुरुवारचे डॉक्टर

लघवीच्या विकारांचे एक डॉक्टर दर गुरुवारी कोल्हापूरहून रत्नागिरीला येतात. ऑपरेशन सोमवारी होतं. मी डॉक्टरीणबाईंना न सांगता गुरुवारचा नंबर लावला. परगावचा माणूस, घाट चढून गेला की विसरेल, असा माझा हिशेब.

ते तिशीतले निघाले. रिपोर्ट बघून म्हणाले, "आजी, हे माझ्याकडचं काम नाही. बायकांच्या डॉक्टरांचं आहे की."

"सिस्टरना बाहेर पाठवा," मी म्हणाले.

सिस्टर गेल्या. दाराला फट राहिली होती. उठून मी ती बंद केली. मग सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, कारण मराठीत ते वाक्य मी कधी उच्चारलेलंच नव्हतं. चार वाक्यं झाली. व्याकरण बिनचूक होतं, आवाज मात्र माझा वाटत नव्हता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, रिपोर्टकडे बघितलं आणि म्हणाले, "मग आजी, हा रिपोर्ट कुणाचा?"

त्या खोलीत मी हसेन असं वाटलं नव्हतं.

नंतर ते भराभर बोलू लागले. त्या शस्त्रक्रियेत प्रोस्टेट ही पुरुषांची ग्रंथी काढत नाहीत, ती आत राहते, गाठ बहुतेक तिथली आहे. एक रक्ततपासणी लिहून दिली, कोल्हापूरला येऊन तुकडा द्या म्हणाले. सोमवारचं ऑपरेशन मी फोनवर रद्द केलं. तुकड्याने आठवड्याभरात तेच सांगितलं. कॅन्सर होता, पण पसरलेला नव्हता. पूर्वी घेतलेल्या हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल त्यांनी विचारलं आणि ऐकून मान हलवली. "या आजारात पुरुषी हॉर्मोन बंद करतात. ते अर्धं काम तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीच करून बसलाय. राहिलेलं मी करतो."

दाखल करण्याच्या कागदावर त्यांनी वॉर्डच्या रकान्यात, मला काही न विचारता, 'स्त्री' लिहिलं. परतताना मी आंबा घाटभर त्यावर विचार केला. समजून लिहिलं की सवयीने?

पाण्याच्या बाटल्या

शेकण्यासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, कोल्हापुरात सात आठवडे राहायचं होतं. मेधा तुम्हाला तिकडेच ठेवून माझ्यासोबत राहायला आली. दवाखान्याजवळ आम्ही खोली घेतली. पहिले काही दिवस आम्ही दोघी फक्त भाजीबद्दल बोलत होतो.

या आजाराच्या सगळ्यांना यंत्राखाली जाण्याआधी पाणी पिऊन थांबावं लागतं. त्यामुळे रोज सकाळी बाकावर दहा-बारा म्हातारे हातात बाटल्या घेऊन ओळीत बसलेले असत, आणि मध्ये मी, इस्त्रीच्या सुती साडीत. गडहिंग्लजकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. पहिल्या दिवशी त्यांनी आपुलकीने विचारलं, "आजी, तुमचे हे आत गेलेत काय?"

"नाही. मी एकटीच आहे."

"मग पाणी कशाला पिताय?"

तेवढ्यात दारातून माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले, बाटली पिशवीत ठेवली आणि त्या सगळ्या बाकासमोरून चालत गेले. चालायचं कसं हे मला माहीत आहे : हनुवटी वर, घाई नाही, कोणाकडेही बघायचं नाही. पाठीवर डोळे जाणवत होते.

दुसऱ्या दिवशी मी मेधाला म्हटलं, आज जायचं नाही.

"का?"

"त्यांना कळलंय."

"मग? काय करतील? तिकीट फाडतील?"

तिच्यातली कुसुम बोलली. मी तोंड धुतलं आणि गेले.

कंडक्टर सरकून बसले, मला कोपऱ्यातली टेकायची जागा दिली. "आज किती झालं?"

"पाऊण लिटर."

"माझी एक बाटली झाली. मधल्या स्टॉपला गाडी थांबवायची नाही, ध्यानात ठेवा." बाक हसला. मीही हसले. त्यांना नक्की काय कळलं होतं, ते सात आठवड्यांत मला उमगलं नाही. कोणी विचारलं नाही. न विचारण्यामागे काही आहे का, हे मी रोज तपासत राहिले. शेवटच्या दिवशी त्यांनी काजूची पुडी दिली. तीसुद्धा मी खोलीवर येऊन आधी हुंगून बघितली. सवय मोडत नाही.

तुझ्या फॉर्मची गोष्ट मेधाने त्याच खोलीत सांगितली, इरा. ती म्हणाली, "मी तिला कळवते, फॉर्म चुकलाय म्हणून."

"चुकला कसा, ते काय सांगशील?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, मला तुझी लाज वाटत नाही. शाळेत पोरी तुझ्या आवाजाची नक्कल करायच्या. मी एकीचा दात पाडला होता, आठवतंय? आता माझ्या मुलांनी तुझ्याकडे दोनदा बघू नये, एवढंच मला हवंय."

दात पाडल्याचं मला आठवत होतं. कशावरून, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

काय लिहू?

इलाज संपून रत्नागिरीला परतल्यावर मी एक काम केलं. तो पहिला रिपोर्ट घेऊन सोनोग्राफीच्या शांत डॉक्टरांकडे गेले. मेधा म्हणाली, "आता कशाला?" कोल्हापूरचे सगळे कागद फाईलमध्ये ओळीने लावले होते आणि पहिलाच कागद खोटा होता. असली फाईल मी ठेवत नाही.

"डॉक्टर, यात चूक आहे," मी म्हणाले, आणि काय चूक आहे तेही सांगितलं. या वेळी मराठीत. वाक्य वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं.

ते चष्मा काढून म्हणाले, "बायकांचा नमुना कॉम्प्युटरवर तयार असतो हो. आम्ही फक्त आकडे बदलतो."

"मग आकडे कुणाचे?"

त्यांचे कान लाल झाले. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. आळस होता, की दया? अजून सांगता येत नाही. दया असेल तरी तिने मला जवळजवळ ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मग जुनी चित्रं उघडली, स्वतः टाइप करायला बसले, आणि त्या रकान्यापाशी बोटं थांबली.

"टीचर," ते म्हणाले. टीचर म्हणाले, म्हणजे त्यांच्याही घरातलं कोणीतरी माझ्याकडे शिकलं असणार. "काय लिहू?"

मी आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घातलं आहे. त्यांनाही घातलं. सावकाश, एकेक शब्द.

इरा, अनय, त्या कागदाचा फोटो सोबत आहे. मेधाने ही पानं वाचून दात पाडल्याचं वाक्य पेन्सिलीने खोडलं होतं, ते मी परत लिहिलं. बाकी तिने काही बदललं नाही. कागदावर सर्वांत वर 'श्रीमती' आणि माझं नाव आहे, लिंग : स्त्री. खाली लिहिलंय, गर्भाशय जन्मतः नाही, प्रोस्टेट आहे. दोन्ही एकाच पानावर, आणि खाली डॉक्टरांची सही. माझ्याबद्दलचा असा कागद याआधी कोणी केला नव्हता, किंवा केला तर फाडला होता.

मूळ प्रत मी पहिल्या फाईलमध्ये, सर्वांत वर लावली आहे. फोटोकडे हवं तितक्या वेळा बघा.